जादा फ्यूज

लेकीनं मोटारसायकलवरून लडाखला जायचं ठरवलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "आणि हातांचं काय?" बाकीचं विचारायला घरात माणसं होतीच. कुणाबरोबर, किती दिवस, राहणार कुठं, सोयरे काय म्हणतील. पण बोटं गारठली की काय होतं ते मला ठाऊक आहे. डिसेंबरात पहाटे बेळगावहून खानापूरकडं स्कूटर नेताना ब्रेकवर बोटं आहेत की नाहीत हेच कळेनासं होतं. खारदुंग ला तर ५,३५९ मीटर उंच.

कातड्याचे हातमोजे आमच्या घरात चालत नाहीत. कातड्याशिवायचे मिळतात, तिनं आणलेही. पण जाड मोज्यात क्लच-ब्रेकचा अंदाज येत नाही म्हणाली. म्हणून गरम होणाऱ्या ग्रिप मागवल्या. हँडलच्या मुठीच त्या, फक्त रबराच्या आत बारीक तार. इस्त्रीचं तत्त्व तेच, ताप कमी.

गॅरेजवाल्यानं अर्ध्या तासात बसवून दिल्या. चौथ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. ग्रिप रात्रभर चालू राहिलेल्या, बॅटरी पार उतरलेली. मी चिकटपट्टी सोडवून बघितलं, तर दोन्ही तारा थेट बॅटरीला पिळलेल्या. मध्ये फ्यूज नाही, रिले नाही. तार कुठं घासली असती तर नुसती बॅटरी उतरून भागलं नसतं, गाडी पेटली असती.

"हे मी करते," मी म्हटलं. लेक हसली.

हसणारच. तिनं मला कधी या कामात बघितलंच नव्हतं. आमच्या अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शाळेतून आले की मी तिथं. जळालेल्या पंपातली तार काढायची, वेढे मोजायचे, तेवढेच नव्या तारेचे घालायचे. माझा वेढा चुकत नाही असं अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे. पुढं दुकान भावाकडं गेलं आणि मी सासरी आले. कुणी अन्याय केला असं नाही हो. ते तसंच असतं असं सगळ्यांना वाटलं, मलाही.

लेकीला पाटावर बसवलं आणि आधी हिशेब मांडला. ग्रिप ३६ वॅटच्या, बॅटरी १२ व्होल्टची. भागाकार केला की ३ अँपिअर. म्हणून फ्यूज ५ अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूजच्या अलीकडच्या तारेला कुणी राखणदार नसतो, म्हणून ती जेवढी तोकडी तेवढी बरी.

मग रिले. त्याच्या पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली तार, ८७ वरून ग्रिपकडं, ८५ अर्थला. आणि ८६ ला पार्किंग लाइटची तार, जिच्यात किल्ली फिरवल्यावरच वीज येते. मीटर लावून बघितलं. किल्ली चालू, बारा. किल्ली बंद, शून्य. "म्हणजे मी विसरले तरी ती विसरणार नाही," लेक म्हणाली. कळलं होतं तिला.

सूर्यास्ताआधी जेवणं उरकली आणि अंगणात दिवा लावून पुन्हा बसलो. मी सोल्डरिंगची इस्त्री तापवली, तर तिनं हात धरला. "आई, गाडी सारखी हादरते. डाखेच्या कडेला तार कडक होते नि तिथंच तुटते. लग दाबून घेऊ." पंप एका जागी असतो, गाडी पळते. हे मला सुचलं नव्हतं. मी इस्त्री विझवली.

उजवी मूठ फिरते, म्हणून तिच्या तारेला ढील ठेवली. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून तार कुठं ताणत नाही, चेमटत नाही हे दोघींनी चार-चारदा बघितलं. हे दारात उभे होते. शेवटी म्हणाले, "तुला हे येतं?" लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आमच्या. मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलंत?" भांडण नव्हतं ते. पण रात्री झोप लागेना. घरातला मिक्सर बंद पडला की इतकी वर्षं आम्ही दुकानात नेऊन टाकत होतो. नेणारी मीच होते. मी तरी कुठं सांगितलं?

जायच्या दिवशी दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली आणि त्याच पुडक्यात दोन जादा फ्यूज ठेवले. "जळाला तर नवा लाव. पण आधी का जळाला ते शोध. तार गुंडाळून पुढं जायचं नाही." अण्णांचंच वाक्य, माझ्या तोंडून आपसूक आलं.

दहाव्या दिवशी लेहहून फोन. मी जेवणाखाण्याचं विचारतेय आणि ती सांगतेय, "आई, उजवा हात मस्त गरम, डावा जरा कमी का गं?"

"उजवीकडं मुठीखाली प्लॅस्टिकची नळी आहे, ऊब आत धरते. डावी थेट लोखंडावर बसलीय, हँडल ऊब ओढून घेतं. तिकडचं बटण एक घर वाढव."

पलीकडं कुणीतरी विचारलं, मेकॅनिक आहे का फोनवर?

"आई आहे," ती म्हणाली.