दोन दुर्बिणी आणि एक पाडस

मराठीच्या प्राध्यापकाने दुर्बिणींच्या गुणवत्तेविषयी लिहावे हा अनधिकारच. तरी कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या माळावर गेल्या चैत्रात जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० सालचे. क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. माझ्याबरोबर आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे एक स्नेही होते. ते एनसीसीचेही काम पाहतात. गोळीबाराच्या मैदानावर निशाण्यातली छिद्रे पाहण्यासाठी वापरतात तशी एक जुनी दुर्बीण त्यांच्यापाशी आहे: पंचवीसपट, पुढचे भिंग ७५ मिलिमीटरचे. माझी नवी, वेतनाच्या थकबाकीतून घेतलेली. वीसपासून साठपट, भिंग ६० मिलिमीटरचे. साठ हा आकडा पाहूनच मी ती घेतली, हे कबूल करतो.

सकाळ माझी होती. अडीचशे मीटरवरचा नर साठपटीने चार मीटरवर आल्यासारखा दिसला. त्याच्या पीळदार शिंगांवरची वलये मी मोजू लागलो. सरांच्या दुर्बिणीत काचेची पिवळसर झाक होती आणि शिंगांच्या कडांना जांभळी किनार. नव्या काचेचे लेपन निःसंशय सरस. मी ते दोनदा बोलूनही दाखवले.

दुपारी जमीन तापली आणि चित्र पालटले. साठपटीत कळप पाण्यात बुडाल्यासारखा थरथरू लागला. पाय गळून पडले, धडे तरंगू लागली. दुर्बीण हरणाला मोठे करते तशी मधल्या तापलेल्या हवेच्या थरथरीलाही मोठे करते. मृगजळ हा शब्द मी वीस वर्षे अलंकार म्हणून शिकवत आलो. तो मृगांच्याच अंगावर प्रथमच पाहिला. पंचवीसपटीत थरथर होती, पण कळप कळप राहिला होता.

खरा प्रसंग सायंकाळचा. सूर्य टेकताना एका बाभळीखाली गवतात पाडस निपचित पडलेले दिसले. आई जवळपास नव्हती. मी साठपटीने पाहिले. करडा, कडा हरवलेला गोळा, हालचाल नाही. ‘मेलंय सर,’ मी म्हणालो आणि वाट सोडून चालूही लागलो. खरे तर काय करणार होतो, कोण जाणे.

‘थांबा. कान हलला,’ सर आपल्या जुन्या नळीतून डोळा न काढता म्हणाले.

त्यांनी तिथेच हिशेब सांगितला. भिंगाच्या व्यासाला पटीने भागायचे. डोळ्यात शिरणारा झोत तेवढ्या जाडीचा. साठ भागिले साठ, एक मिलिमीटर. पंच्याहत्तर भागिले पंचवीस, तीन. उजेड जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे नऊपट फरक. शिवाय ६० मिलिमीटरचे भिंग जेवढा तपशील गोळा करू शकते त्याच्या पलीकडे पट वाढवली की नवे काही दिसत नाही, आहे तेच धूसर होऊन पसरते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने, एका कवितेवर मी सलग तीन तासिका घेतल्यावर, नम्रपणे म्हटले होते, ‘सर, आधी ती मला दिसत होती.’ मी तेव्हा हसण्यावारी नेले होते.

वनरक्षकही एव्हाना पोहोचला होता. ‘सर, तिकडं जाऊ नका. आईच ठेवून जाते त्याला गवतात. तुम्ही तिथं उभे राहिले तर ती यायची नाही.’ पहिले काही दिवस काळविटाचे पाडस असेच निश्चल पडून राहते. निश्चलता हेच त्याचे संरक्षण. (‘द यर्लिंग’चा राम पटवर्धनांनी केलेला ‘पाडस’ हा अनुवाद इतकी वर्षे प्रेमाने वाचला, पण प्रत्यक्ष पाडसाविषयी एवढेही ठाऊक नव्हते.)

आम्ही मागे सरलो. मी कडी फिरवून दुर्बीण वीसवर आणली. झोत तीन मिलिमीटरचा झाला आणि चित्र उजळले. सरांच्यापेक्षा किंचित स्वच्छच, हे त्यांनीही मान्य केले. दोष काचेचा नव्हता.

अंधुक उजेडात मादी आली तेव्हा ती प्रथम सरांना दिसली. पाडस उठले, लडखडले, तिच्या पोटाखाली शिरले. मी पुन्हा साठच्या खुणेकडे बोट नेले होते. ते तसेच मागे घेतले.