कवडीची चकाकी

आमच्या घरातला समुद्र आजीच्या गळ्यात असायचा. आजी तुळजापूरच्या देवीची आराधी. मंगळवारी कवड्यांची माळ घालायची, परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. सोलापूरहून किनारा गाठायचा तर सह्याद्री उतरावा लागतो. तरी या कवड्या आल्या कुठून, हे तिला कुणी विचारलं नाही. त्या तुळजापूरच्या, एवढं पुरे होतं.

पुढे सारीपाटात त्याच कवड्या उताण्यापालथ्या मोजल्या. मग ‘लीलावती’त त्या पैसा होऊन भेटल्या. भास्कराचार्यांनी 1150 साली कोष्टक दिलंय: 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिण्यांचा पण, 16 पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या. त्या भरून यायच्या मालदीवहून. बंगालच्या तांदळाशी त्यांची अदलाबदल चाले, असं चौदाव्या शतकात इब्न बतूता लिहून गेला.

चिंचोळी एमआयडीसीत मी बफिंगला लागलो. कोजागरीला निम्मी पाळी तुळजापूरच्या वाटेला लागते, आणि परतलेल्यांच्या गळ्यात नव्या माळा दिसतात. दिवसभर लोखंड चमकवणाऱ्या माझ्या हातांना प्रश्न पडला: या कवडीला पॉलिश कुणी केलं?

उत्तर वाचलं आणि थक्क झालो. जिवंत कवडी आपलं मऊ मांसल आवरण कवचावरून दोन्ही बाजूंनी पांघरून घेते. ते कवचावर थरावर थर चढवतं, वाळूखड्यापासून त्याला राखतं. मार्जिनेला नावाच्या चिमुकल्या समुद्री गोगलगायींचीही हीच रीत; काही तर जेमतेम काही मिलिमीटरच्या. पण पैशाची कवडी शेवाळ खरवडून जगते, तर मार्जिनेला शिकारी. स्वभाव निराळे, चकाकीचं कारण एक. आम्ही बफवर धातू झिजवून चमक काढतो. हे जीव भर घालून काढतात.

म्हणूनच जीव गेल्यावर किनाऱ्यावर पडलेली कवडी उन्हावाळूने निस्तेज होत जाते. बाजारातली आरशासारखी कवडी बहुधा जिवंतपणीच उचललेली असते.

आजीची माळ आता माझ्याकडे आहे. पिढ्यान्‌पिढ्या घासूनही ती देवीला चालते. तुमच्याही घरी जुनी माळ असेल तर तीच ओवून घ्या. नवी विकत घेऊ नका.