किल्ली बंद, तरी गळती

मोटारसायकलची बॅटरी बसली की आपला पहिला संशय बॅटरीवरच जातो. नवी घातली की गाडी सुरू होते आणि निदान अचूक ठरल्याचे समाधान लाभते. काही महिन्यांनी तेच रडगाणे सुरू झाले तर ‘हल्ली माल चांगला मिळत नाही’ असे म्हणून आपण पुन्हा पाकीट उघडतो. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकविताना आम्हांला बजावले जाई की, एका घटनेमागून दुसरी घडली एवढ्यावरून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही. प्रवचनाच्या तयारीत हा धडा मला फारसा कामी आला नाही. गॅरेजात मात्र तो रोज कामी यावा.

मरोळ गावठाणातील एका घरी जुनी बुलेट आहे, किक मारून सुरू होणारी, बारा व्होल्टची. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला १९५६ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या. ही त्यांतली पुष्कळ नंतरची. घरधनी देवाघरी गेले. हयातभर ते याच गाडीवर पत्नीला मागे बसवून वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेला नेत. आता मुलगा आठवडाभर मेट्रोने कामावर जातो आणि रविवारी आईला गाडीवरून मिस्साला आणतो. एका वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या होत्या. तिसरीसाठी लागणारे पैसे धाकटीच्या फीमधून काढायचे की गाडीच भंगारात द्यायची, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने विचारीत नव्हते. आईने तो मला विचारला. चर्चच्या ध्वनिक्षेपकाच्या तारा तपासण्यासाठी माझ्याकडे मल्टीमीटर असतो, हे तिला ठाऊक होते.

बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर एक छोटा अँमीटर असतो. वीज आत येते की बाहेर जाते, हे त्याचा काटा दाखवितो. किल्ली बंद केल्यावर काटा मधोमध स्थिर होता, म्हणून मेकॅनिकने गळती नाही असा निर्वाळा दिला होता. त्याचे फारसे चुकले असे मी म्हणणार नाही. त्या काट्याला अँपिअरची भाषा कळते. अँपिअरच्या दहाव्या हिश्शाएवढी कुजबुज त्याला ऐकूच येत नाही.

आम्ही आधी बॅटरी पूर्ण भारित करून गाडीपासून सोडवून ठेवली. तीन दिवसांनी तिच्यावर १२.६ व्होल्ट होते. बॅटरी आपण होऊन बसत असती, तर हा आकडा खाली आला असता. म्हणजे दोष तिच्यात नव्हता. मग ती जोडून इंजिन सुरू केले, तेव्हा टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास आले. भरणही ठीक होते. आता उरली ती गाडी उभी असतानाची गळती.

ती मोजण्यासाठी किल्ली बंद ठेवून बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवायची आणि ते टोक व ती तार यांच्यामध्ये मीटर जोडायचा, तोही दहा अँपिअरच्या कक्षेवर. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करू नये. त्याचा फ्यूज जातो. मीटरने ०.०९ अँपिअर दाखविले. आकडा क्षुल्लक वाटतो. पण बॅटरी पाच अँपिअर-तासांची धरली, तर पाचाला ०.०९ ने भागा: जेमतेम ५५ तास. रविवारी दुपारी उभी केलेली गाडी मंगळवारी रात्री रिकामी. पुढच्या रविवारी किक मारून मारून पाय भरून येई. इग्निशनच्या कॉइललाच वीज नाही, तर ठिणगी पडणार कुठून?

मुलाने हँडलवर मोबाईल चार्जर बसविला होता, तोही थेट बॅटरीवरून. आईचा सारा रोष त्याच्यावर होता. चार्जरची तार काढली, आकडा ०.०८ झाला. मुलाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिले. पावसाळ्याचे पाणी मुरून किल्लीच्या स्विचच्या तारांवर हिरवट कीट चढले होते. तेही सोडवून पाहिले. आकडा हलला नाही. शेवटी रेग्युलेटर-रेक्टिफायरचा प्लग उपसला आणि मीटरवर शून्य आले.

रेक्टिफायरमधले डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारी दारे. इंजिन फिरताना अल्टरनेटरची वीज त्यांतून बॅटरीकडे जाते. परतीची वाट त्यांनी अडवायची असते. एखादे दार किलकिले राहिले, तरी धावताना भरण जवळजवळ पूर्वीसारखेच दिसते आणि रात्रभर वीज मागच्या मागे निसटत राहते. दोन नव्या बॅटऱ्या या फटीतून वाहून गेल्या होत्या.

कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर मुलाने रेक्टिफायर मिळविला आणि स्वतःच बसविला. चार्जरची तार त्याने किल्लीच्या पुढच्या बाजूला जोडून घेतली, म्हणजे किल्ली बंद तर चार्जरही बंद. मीटरवर ०.००. त्या दोन बॅटऱ्यांपैकी पहिली मात्र वाचली नाही. अनेक दिवस रिकामी राहिल्याने तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसले होते, ते भारण करूनही विरघळेना. ती दुकानात जमा केली. जुन्या बॅटरीतले शिसे पुन्हा वितळवून वापरतात. ती कचऱ्यात टाकू नये. दुसरी अजून गाडीत आहे. परवा मिस्सानंतर आई सांगत होती की, आता ब्रेक करकरतो. तो मुलगा पाहील.