रस्तारुंदी आणि आम्ही

इंदूरच्या जुन्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांना घराचे माप फुटांत सांगण्याची सवय नव्हती. दोन चौकांचा वाडा, रस्त्याच्या अंगाला ओटा, ओट्याला लागून दोन दुकाने, एवढे सांगितले की भागत असे. अलीकडे मात्र माप फुटांत सांगावे लागते, आणि तेही घर केवढे आहे याचे नव्हे, तर केवढे जाणार आहे याचे. राजवाड्याच्या पश्चिमेकडील आमच्या रस्त्यावर एके सकाळी दोन माणसे फीत आणि लाल रंगाचा डबा घेऊन आली. ओटा ओलांडून आत ११ फुटांवर, बैठकीच्या भिंतीवर, त्यांनी एक उभी रेघ ओढली. काकूंनी सवयीने चहाचे विचारले, तर “बाद में, माताजी” असे अदबीने म्हणून ती पुढच्या घरी गेली.

रुंदीकरण नकोच, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. पायी माणसांसाठी आणि टांग्यांसाठी पडलेल्या रस्त्यावर आज मालाचे टेम्पो, दुचाकी आणि ई-रिक्षा यांची जी कोंडी होते, ती आम्ही रोज गॅलरीतून पाहतो. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागली, तर रुग्णाला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावे लागते. तेव्हा काहीतरी करणे अवश्य आहे. पण काही वर्षांपूर्वी बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्याकडे येणारा रस्ता रुंद झाला, तेव्हाचे दृश्यही डोळ्यांपुढून जात नाही. अर्धी कापलेली घरे उभी होती. कोणाचा देव्हाऱ्याचा कोनाडा, कोणाची निळ्या रंगाची माजघराची भिंत रस्त्याकडे तोंड करून होती. ज्या भिंतीला पाहुण्यांनीही कधी पाहिले नव्हते, ती आता बसच्या खिडकीतून दिसत होती.

यथावकाश आम्हांस सूचनापत्र आले आणि ‘दावे-आपत्ती’ ऐकण्यासाठी एका धर्मशाळेच्या सभागृहात बैठक भरली. अधिकारी सौजन्याने वागले, हे नमूद केलेच पाहिजे. नकाशा मात्र पुरुषभर उंचीवर टांगलेला, अक्षरे इंग्रजी, आणि रस्त्याची नवी रेघ त्यावर आधीच पक्क्या शाईने काढलेली. बोलले ते बहुतेक घरमालक, आणि विषय एकच, मोबदला. तो रोख नाही. त्याऐवजी जादा चटईक्षेत्राचे प्रमाणपत्र मिळेल, असे कळले. निम्मे घर गेल्यावर उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यावर ते जादा क्षेत्र बांधायचे कसे, हा प्रश्न एकाने विचारला आणि सभागृहात हशा पिकला. उत्तर मिळाले नाही. भाडेकरू दुकानदार मागे उभे होते, ते बोललेच नाहीत. शेवटी, आमच्या ओट्याखाली गेली कित्येक वर्षे मेथी-पालक घेऊन बसणारी बाई उठली. रस्ता झाल्यावर आम्ही कुठे बसायचे, एवढेच तिने विचारले. लिपिकाने नोंदवही पुढे ओढली आणि विचारले, “मकान नंबर?” तिला घर क्रमांक नव्हता. नोंदवहीत तिची ओळ पडली नाही.

आम्ही घरी आलो तो पॅट्रिक गेडीस या माणसाची आठवण काढीतच. आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना हे नाव अपरिचित नसावे. मूळचा जीवशास्त्रज्ञ असलेला हा स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला, आणि तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने त्याच्याकडून इंदूरची नगररचना करवून घेतली. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. एडिंबरोच्या जुन्या, दाट आणि गलिच्छ झालेल्या वस्तीत हा माणूस सपत्नीक राहायला गेला होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण त्याची सारी रीत तेथे घडली. आधी पायी हिंडायचे, गल्ली न् गल्ली, घर न् घर पाहायचे, लोक कोठे बसतात, पाणी कोठून भरतात हे ध्यानात घ्यायचे, आणि मगच नकाशावर पेन्सिल टेकवायची. सरळ पट्टी ठेवून वस्तीतून रुंद रस्ता कापत नेणे त्याला मान्य नव्हते. एखादे पडीक घर काढून तेथे मोकळी जागा करावी, वळण असेल तेथे वळण ठेवावे, थोडे कापावे आणि पुष्कळ वाचवावे, असा त्याचा आग्रह असे. शल्यचिकित्सेची उपमा तो स्वतःच देई.

त्याच्या चरित्रांत इंदूरच्या दिवाळीची एक हकीकत येते. शहरात प्लेगची भीती होती, आणि नकाशा घेऊन हिंडणाऱ्या या गोऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहत. तो दिसला की आता घर पडणार, अशी त्यांची खात्री. तेव्हा दरबाराच्या संमतीने त्याने दिवाळीची एक भव्य मिरवणूक ठरवली आणि जाहीर केले की, मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावर घरांची साफसफाई व डागडुजी सर्वांत चांगली होईल, त्या रस्त्याने जाईल. मग काय, शहरभर सफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे सोंग होते, लक्ष्मी होती, आणि शुभ्र कपडे व हार घातलेले सफाई कामगार होते. त्या वर्षी मिरवणुकीचा मार्ग घरोघरच्या माणसांनी ठरवला.

मिरवणुकीवरून आठवले. रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या गिरण्यांच्या झाँक्या यांचे वेड इंदूरकरांस सांगायला नको. गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल १९९१ मध्येच थांबली, पण झाँक्या निघतात आणि लोक रात्रभर ओट्यांवर बसून पाहतात. ते ओटे नकाशात ‘अतिक्रमण’ या एकाच रंगात रंगवलेले आम्ही पाहिले. अहो, आमच्या पूर्वजांनी ओटा बांधला तेव्हा हा शब्दही कोणास ठाऊक नव्हता!

विचारून काम होत नाही, असे म्हणावे तर याच शहराचे उदाहरण आड येते. २०१७ पासून इंदूर देशात स्वच्छतेत पहिले येऊ लागले, ते ओला-सुका कचरा घरोघर वेगळा होऊ लागला म्हणून. त्यासाठी पालिकेची माणसे रोज दारी आली, समजावीत राहिली. कचऱ्यासाठी जे दार रोज वाजते, ते रस्त्यासाठी एकदाच, आणि तेही रंगाच्या डब्यासह वाजावे, याचे नवल वाटते.

न विचारण्याची किंमतही आपण पाहिली आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर सुमारे ११ किलोमीटर लांबीचा, बससाठी राखीव पट्टा २०१३ साली सुरू झाला. तो होताना वाहनवाले रागावले, कज्जे झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो काढण्याची घोषणा केली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मोकळीक दिली. पट्टा चांगला की वाईट, यावर आमच्या घरातच दोन तट आहेत. परंतु रोज त्या बसने शाळेत जाणाऱ्या आमच्या भाचीला तो बांधताना कोणी विचारले नाही आणि उखडतानाही नाही.

पुण्याला स्थायिक झालेली मुले फोनवर म्हणतात, प्रमाणपत्र घ्या, उरलेला भाग विका आणि इकडे या. काका ऐकून घेतात आणि फोन ठेवल्यावर संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसतात. आम्ही चौघांनी मिळून अर्ज केला. रस्ता सर्वत्र सारखा रुंद न करता मोकळ्या जागा आहेत तेथे अधिक घ्यावा. दोन्ही अंगांस चालण्याची वाट आणि बसून विकणाऱ्यांसाठी आखलेली जागा असावी. मालाचे टेम्पो रात्रीच आत यावेत. कडुलिंबाचे झाड राखावे. असे दोन पाने लिहिले, हिंदीत. खाली शेजारच्या २३ जणांच्या सह्या घेतल्या. भाजीवाल्या बाईने अंगठा उमटवला, आणि तिच्या नावापुढील घर क्रमांकाच्या रकान्यात काकांनी आमच्या वाड्याचा क्रमांक घातला.