सियाचेनच्या तळावर

लेह सोडून साडेसतरा हजार फुटांवरील खारदुंग-ला ओलांडला की नुब्रेचे खोरे लागते. त्याच्या उत्तर टोकास, हिमनदीच्या मुखापाशी, सैन्याचा सियाचेन तळ आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले, तेव्हापासून हिमनदीवरचा पहारा उठलेला नाही. पर्यटकांना ही वाट खुली करण्याची घोषणा २०१९ मध्ये झाली आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या शेजारी वाढलेल्या आम्हां बेळगावकरांस येथवर येण्याचा योग लाभला.

तळ सुमारे बारा हजार फुटांवर, म्हणजे येथील हिशेबाने सखल जागी! वरच्या ठाण्यांवर बर्फ वितळवून पाणी करावयाचे, डब्यांतले अन्न खावयाचे. संत्रे दगडासारखे गोठते, आणि भूक तर आधीच मेलेली असते. वर जाण्यापूर्वी जवान ओ. पी. बाबांच्या मंदिरात हजेरी देतात, उतरल्यावर पुन्हा देतात. कोणी यास भाबडेपणा म्हणो. आम्हांस ती शिस्तीचाच भाग वाटली.

नोव्हेंबर २००३ पासून येथील तोफा शांत आहेत, तरी माणसे दगावतात. विरळ हवेत घाईने चढलेल्या धडधाकट तरुणाच्याही फुफ्फुसांत पाणी झिरपते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो आणि काही तासांतच जीव धोक्यात येतो. म्हणूनच चढण्यापूर्वी सहा, चार आणि चार अशा दिवसांच्या तीन टप्प्यांत शरीरास उंचीची सवय लावतात. एवढे करूनही दुखणे आलेच, तर खरा उपाय रुग्णास खाली उतरविणे हाच. प्राणवायू आणि औषधे तोवर तग धरण्यापुरती.

परंतु वादळात ‘चीता’ हेलिकॉप्टर येणार कसे? अशा वेळी रुग्णास हवाबंद पिशवीत निजवून पायपंपाने हवा भरतात. आतील दाब वाढतो, आणि माणूस जागच्या जागी दीड-दोन हजार मीटर खाली उतरल्यासारखा होतो. पंप मात्र थांबवून चालत नाही, नाहीतर आतली हवा दूषित होते. मग सोबती आळीपाळीने पाय मारीत राहतात. लहान ठाण्यांवर डॉक्टर नसतो. ही सारी देखरेख नर्सिंग असिस्टंट म्हणून आलेल्या शिपायाकडे असते.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी १९,६०० फुटांवरील सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून दहा जण गाडले गेले. लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पद त्यांतले. धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. कुत्र्यांनी माग काढला, जवानांनी बर्फ कापला आणि सहाव्या दिवशी ते जिवंत सापडले. डॉक्टरांनी तेथेच ऊबदार प्राणवायू दिला. सकाळी हेलिकॉप्टरने तळावर, तेथून थोईसच्या विमानतळावर आणि पुढे दिल्लीस नेले. ११ फेब्रुवारीस त्यांचा प्राण गेला.

उरलेल्या नऊ जणांत ठाण्याचे नर्सिंग असिस्टंटही होते: सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी. हवामान बिघडल्यामुळे त्या नऊ जणांचे देह खाली आणण्यास आणखी काही दिवस लागले.