अपवादाचे नाव

अपवाद हा शब्द आम्हां व्याकरण शिकवणाऱ्यांचा मोठा आधार. फळ्यावर नियम मांडावा, मागच्या बाकावरून एखाद्या चोखंदळ पोराने त्या नियमाला न जुमानणारा शब्द पुढे करावा, आणि आपण खडूचे हात झटकत म्हणावे, 'तो अपवाद!' की झाले. त्या बिचाऱ्या शब्दाचे पुढे काय होते, हे कुणी विचारीत नाही.

चाळिशीनंतर पायथन ही संगणकाची भाषा शिकायला बसलो, तेव्हा तिथेही अपवाद भेटला. पण त्याचा रुबाब निराळा! गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली जगापुढे आणलेली ही भाषा. तिला आकड्याच्या जागी शब्द दिला, की ती 'व्हॅल्यूएरर' म्हणून ओरडते आणि हातातले काम तिथेच टाकते. शून्याने भागायला सांगा, दुसऱ्या नावाने ओरडेल. (देवनागरीत '४५' लिहिले तर मात्र तो आकडा ती बिनतक्रार ओळखते. तेवढ्यानेच ती मला घरची वाटू लागली.)

हे ओरडणे झेलायचीही सोय आहे. 'ट्राय'खाली काम सांगायचे, आणि 'एक्सेप्ट'खाली अडचण आली तर काय करायचे ते. मुलाला बाजारात धाडताना आई सांगते ना, 'कोथिंबीर नसली तर कढीलिंब आण', तसेच. पण 'काहीही झाले तरी गप्प घरी ये', असे कुठली आई सांगेल? नवशिके मात्र नेमके हेच सांगतात. एक्सेप्टपुढे चुकीचे नावच लिहीत नाहीत.

माझा पुतण्या गेल्या जानेवारीतल्या चाचणीची सरासरी काढून देत होता. एका मुलीपुढे 'गैरहजर' होते, यंत्र अडले. त्याने झटकन मोघम एक्सेप्ट टाकला आणि खाली लिहिले, गुण शून्य. सरासरी आली. "झालं, काका!"

ती मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. शून्य मिळवायलासुद्धा परीक्षेला बसावे लागते!

"अरे, ही नापास नाही, ही आलेलीच नाही," मी म्हणालो.

"मग काय मशीन बंद पडू द्यायचं?"

प्रश्न रास्त होता. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटला. एक मोठी संख्या लहान जागेत मावेना, आणि त्या अपवादाला झेलणारे तिथे कुणी ठेवलेच नव्हते. तेव्हा झेलायला तर हवे; पण कुणाला झेलतो आहोत, हे ठाऊक हवे.

आम्ही एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर हे एकच नाव लिहिले. बाकीच्या चुकांना ओरडायची मुभा ठेवली. आणि शून्याऐवजी यंत्राला सांगितले, असा शब्द आला तर विद्यार्थ्याचे नाव निराळ्या यादीत घे, सरासरीत धरू नको.

यादीत चार नावे निघाली. चारही ऊसतोडीची. दुसऱ्या दिवशी ती घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेलो. गळिताचा हंगाम संपून ही मुले परततील, तेव्हा त्यांची फेरपरीक्षा कधी घ्यायची, ते विचारायला.