आशागडची परात

डहाणू रोड स्टेशनवर उतरून तुम्ही जव्हारच्या रस्त्याला लागलात, की गाव मागे पडता पडता चिकूच्या वाड्या दिसू लागतात आणि थोड्याच वेळात आशागड येते. मुद्दाम आशागड पाहायला कोणी जात नाही. पाहुणा डहाणूचा समुद्र पाहतो, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जातो, फार तर वारली चित्रे जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांचे गंजाड शोधत पुढे निघून जातो. मीही इतकी वर्षे आशागडहून नुसता पुढेच गेलो होतो. २०२३ च्या जूनमध्ये मात्र तिथे अडकलो, आणि जे शिकलो ते तुम्हाला सांगण्याजोगे आहे. तुमच्या दारात जुनी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर असेल, तर नक्कीच.

आमच्याकडे वडिलांची येझदी आहे. एक पिस्टन, दोन सायलेन्सर, आणि किक व गिअर यांना मिळून एकच दांडा. तिचा आवाज आला की आमची म्हैस अजूनही मान वर करते. मुंबईच्या रुस्तम इराणी यांनी काढलेल्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ही गाडी १९६१ पासून बनू लागली. आधी नाव जावा, पुढे येझदी. इराणातल्या याझ्द शहरावरून ते नाव पडले असे सांगतात. डहाणू, घोलवडच्या बऱ्याच चिकूवाड्या ज्या इराणी कुटुंबांनी उभ्या केल्या, त्यांच्यातलेही कितीतरी जण त्याच मुलखातून आलेले. म्हणजे फळ आणि फटफटी, दोन्हींचे गोत्र एकच म्हणायचे! कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझदी नावाच्या नव्या गाड्या आल्या, पण त्यांचे इंजिनच वेगळे, सुटे भाग आमच्या गाडीला चालत नाहीत.

त्या दिवशी घोलवडकडून खिरणीच्या खुंटावर बांधलेली चिकूची बारा कलमे घेऊन मी परत निघालो होतो. सकाळी घाट उतरतानाच दुसरा गिअर मधूनच सुटत होता आणि चढावर इंजिन नुसतेच ओरडत होते, गाडी पळत नव्हती. चार महिन्यांपूर्वी एका गॅरेजात गिअरबॉक्स उघडून पाहिला होता. तिथे निकाल मिळाला होता, ‘सगळे गिअर गेले, पुरा संच घाला, नाहीतर भंगारात द्या.’ घरात तेव्हापासून हाच विषय. धाकटा भाऊ म्हणे, विका आणि त्या पैशात पाण्याचा पंप घ्या. त्याचे चूक नव्हते. मीही मनातून विकायला तयार झालो होतो.

आशागडला झाडाखाली एका वयस्कर मिस्त्रींचे दुकान दिसले म्हणून थांबलो. म्हटले, “काका, जव्हारपर्यंत जाईल एवढे करून द्या.”

काकांनी गाडीला हात लावण्याआधी विचारले, “तेल कधी बदललं? त्यावर किती चालवली?”

चार महिने, आठशेएक किलोमीटर, मी सांगितले. मला वाटले वेळ काढताहेत. पण खरी मेख तिथेच आहे, वाचकहो. दहा वर्षांच्या तेलात मूठभर चुरा निघाला तर नवल नाही. आठशे किलोमीटरच्या तेलात चिमूटभर निघाला तरी विचार करावा लागतो.

गाडी गरम होती तोवरच त्यांनी खालचा बोल्ट काढला. गार तेलात चुरा तळाशी बसून राहतो, गरम तेलाबरोबर वाहून येतो. खाली ठेवली स्वच्छ पुसलेली परात. (घरी हे सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘कणकेची परात?’ नाही, दुकानातली होती.) तेल धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळले, फडक्यावरचा गाळ थोड्या डिझेलने धुतला आणि कागदावर पसरला. धुतल्याशिवाय लोहचुंबक लावायचे नाही, कारण लोखंडाची बारीक पूड सगळ्यालाच चिकटलेली असते आणि पितळही लोखंडासारखे उचलले जाते. नंतर फुटक्या स्पीकरचे लोहचुंबक कागदाखालून फिरवले. जे सरकले ते पोलाद, जे जागीच राहिले ते दुसरे काही.

बोल्टाच्या टोकाला करडा, लोण्यासारखा थर होता. मी घाबरलो. काकांनी तो दोन बोटांत चोळून दाखवला. “टोचतंय का? नाही ना? मग ही झीज आहे. दात दातावर घासणार, एवढं होणारच.” बेअरिंग सोलू लागले तर चकचकीत पापुद्रे येतात, बोटाला लागतात. दात तुटला तर जाड तुकडा येतो, त्याची एक बाजू गुळगुळीत आणि तुटलेली बाजू साखरेच्या खड्यासारखी रवाळ. यातले काही त्या कागदावर नव्हते. तेल दुधाळ झाले असते तर पाणी शिरले असे समजायचे, तेही नव्हते.

लोहचुंबकाला न चिकटलेल्यात सोनेरी कण होते. ते बुशाचे. हलके, पांढरट कण असते तर ॲल्युमिनियमचे कवच कुठेतरी घासतेय असा अर्थ झाला असता. आणि काळपट तपकिरी, नखाने दबणारा भुसा बराच होता. काकांनी तो नाकाशी नेला आणि माझ्याकडे दिला. जळका वास. क्लचच्या प्लेटांवरचे बुच ते. चढावर गाडी का ओढत नव्हती, ते तिथेच कळले. येझदीत क्लच आणि गिअर एकाच तेलात, पण इंजिनाच्या पोटातला भाग वेगळा. म्हणून हे तेल फक्त या दोघांचीच साक्ष देते. हल्लीच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाचेही तेल तेच असते, तिथे चुरा कुणाचा हे ठरवणे अवघड.

मग सापडला तो तुकडा. नखाच्या कोरीएवढा, वाकडा, पोलादी. काका गप्प झाले. आतून त्यांनी भिंग आणले. चिंचणी भागात सोन्याच्या दागिन्यांचे पोलादी साचे हाताने कोरणारी मंडळी आहेत. काकांचा भाऊ त्यांतला, भिंग त्याचे. बराच वेळ पाहून म्हणाले, “हा लॉकचा तुकडा. गिअर शाफ्टावर सरकू नये म्हणून असतो ना, तो. गिअर म्हणूनच सुटतोय.”

मी म्हटले, मागे गिअरबॉक्स उघडला होता, तेव्हाचा राहिला असेल. त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. तुटलेल्या कडा धारदार होत्या, चकाकत होत्या. जुना तुकडा गिअरमध्ये फिरून फिरून बोथट होतो, काळवंडतो. हा नवा होता, आणि त्याचा जोडीदार अजून आत होता.

“घरापर्यंत तरी जाईल ना?” मी पुन्हा विचारले. आभाळ भरून आले होते, कलमे उघड्यावर होती.

“जाईलही. पण तो दुसरा तुकडा दोन दातांच्या मधे आला, तर गिअर जातील आणि कवचही फुटेल. तेव्हा मात्र भंगारच.”

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत तपासतात, तेलातल्या धातूंवरून आतला कोणता भाग झिजतोय ते ओळखतात. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सात तर लोहचुंबकच बसवलेले असते. त्यावर तुकडा अडकला की वैमानिकापुढे दिवा लागतो आणि तो जमेल तिथे उतरतो. माझा दिवा आशागडला लागला होता. मी किल्ली काकांच्या हातात दिली आणि एसटीने घरी गेलो.

आठव्या दिवशी गेलो तेव्हा गिअर काढून कागदावर मांडलेले होते. एकेक दात बोटाने चाचपून पाहिला, सगळे शाबूत. लॉक तुटलेला, एक बुश झिजलेला, क्लचच्या प्लेटा जळलेल्या. तेवढेच बदलले. सगळे मिळून दोन पोती भात विकून भागेल इतका खर्च आला. पहिल्या तीनशे किलोमीटरला तेल काढून पुन्हा पाहायला त्यांनी सांगितले होते. नवे भाग बसताना थोडा जास्त चुरा देतात, मग कमी होत जातो. तसे घरी पाहिले. करडा थर, एकही टोचणारा कण नाही.

तुमच्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट बहुधा लोहचुंबकाचाच असेल. तेल बदलताना तो पोऱ्याला लगेच पुसून टाकू देऊ नका. पांढऱ्या फडक्यावर टिपून उन्हात धरून पाहा, आणि मागच्या वेळी काय निघाले होते ते वहीत लिहून ठेवा. निघालेले तेल विहिरीजवळ मात्र ओतू नका.

पंप आम्ही पुढच्या वर्षी घेतला. बारा कलमांपैकी अकरा जगली. बारावे एसटीत कुणाच्या तरी पायाखाली आले होते.